गीझर नवा, नळ मात्र फुरफुरतो

थंडीची चाहूल लागली की आपल्या घरांत गीझरचा विषय निघतो. फजरच्या वुजूला पाणी हाताला झोंबू लागते, थोरल्यांचे गुडघे कुरकुरू लागतात, आणि इतकी वर्षे गॅसवर पातेले ठेवून भागवणारे घरही यंदा गीझर घ्यायचाच असे ठरवते. गीझर येतो, भिंतीवर चढतो, प्लंबर पैसे घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे गरम पाण्याचा नळ उघडावा, तर आधी ‘फस्स’ असा आवाज, मग पाण्याचा एक झोत, पुन्हा फस्स, पुन्हा झोत. बाहीवर शिंतोडे उडतात, लहान मूल दचकते, आणि घरात चर्चा सुरू होते: माल खराब निघाला का? परत करावा का? प्लंबरला पुन्हा बोलवायचे तर तो नव्याने पैसे मागणार.

बहुतेक वेळा उत्तर सोपे असते. नळातून येते ती हवा असते, ती निघून जाईल, घाबरायचे कारण नाही. पण काही थोड्या वेळा हीच फुरफुर धोक्याची खूण असते, आणि तेव्हा दुर्लक्ष केले तर हात भाजण्यापासून गीझर जळण्यापर्यंत काहीही होऊ शकते. साधी फुरफुर कोणती आणि वाईट कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला ओळखता यायला हवे. आपल्याकडे अनेक घरांत कर्ता पुरुष आखातात किंवा मुंबईला असतो आणि प्लंबरशी बोलायचे काम घरातल्या बायकांवरच येते. म्हणून या वेळी हा विषय आम्ही जरा सविस्तर घेतला आहे.

हवा येते कुठून?

गीझर म्हणजे आतून एक बंद टाकी. घरगुती गीझर बहुधा १० ते २५ लिटरचा असतो. १५ लिटरचा सर्वांत जास्त चालतो. त्याला दोन तोंडे असतात. निळ्या खुणेच्या तोंडातून थंड पाणी आत जाते आणि टाकीच्या तळाशी पडते. लाल खुणेच्या तोंडातून गरम पाणी बाहेर येते, पण ते टाकीच्या वरच्या भागातून उचलले जाते, कारण गरम पाणी हलके असल्याने वर राहते. गीझरमधले पाणी स्वतःहून बाहेर पडत नाही. आपण गरम नळ उघडतो, खालून थंड पाणी आत शिरते आणि वरचे गरम पाणी ढकलून बाहेर काढते.

आता नवा गीझर आठवा. तो दुकानातून येतो तेव्हा आत पाण्याचा थेंब नसतो; १५ लिटरच्या टाकीत १५ लिटर हवाच भरलेली असते. पाणी खालून चढू लागले की ही हवा लाल तोंडातून, पाइपातून, शेवटी आपल्या नळातून बाहेर पडते. शिवाय प्लंबरने पाइप कापून जोडलेले असतात, त्यांतही हवा असते. टाकीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात आणि पाइपाच्या वळणांत थोडी हवा अडकून राहते आणि दोन-तीन दिवस अधूनमधून सुटत राहते.

दुसरे एक कारण पाण्यातच असते. थंड पाण्यात हवा जास्त विरघळते, गरम पाण्यात कमी. पाणी तापले की ती हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते. चहाचे आधण उकळण्याच्या बरेच आधी पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरतात, तीच ही हवा. म्हणून गीझरचे पाणी कधीकधी दुधाळ दिसते. ते काचेच्या ग्लासात घेऊन एक मिनिट ठेवा. पाणी तळाकडून वर निवळत गेले, तर तो रंग निव्वळ हवेचा आहे. त्या पाण्याने वुजू, गुसल, कपडे, सगळे करता येते. उलट गढूळपणा तळाशी बसला, तर तो गाळ आहे आणि आधी गच्चीवरची टाकी तपासायला हवी.

हवा काढायची रीत

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. टाकी पूर्ण भरल्याशिवाय गीझरचे बटण चालू करायचे नाही. आतली विजेची कॉइल बहुधा २००० वॅटची असते. ती पाण्यात बुडलेली असेल तर पाणी तापते; कोरडी असेल तर स्वतःच तापून जळते. ‘नवा गीझर पहिल्याच दिवशी बिघडला’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते.

म्हणून आधी बटण बंद आहे याची खात्री करा. गीझरला थंड पाणी देणाऱ्या पाइपवर एक कॉक असतो. तो पूर्ण उघडा. मग गीझरला जोडलेले गरम पाण्याचे सर्व नळ उघडा, पण एकदम नाही, हळूहळू. नळाखाली बादली ठेवा. आधी नुसती हवा येईल, मग हवा आणि पाणी, मग अखंड धार. गच्चीवरच्या टाकीतून पाण्याचा जोर बरा असेल तर १५ लिटरचा गीझर तीन-चार मिनिटांत भरतो. धार सलग झाली तरी आणखी मिनिटभर नळ चालू ठेवा, दोन-तीन वेळा बंद करून पुन्हा उघडा. वळणांत अडकलेली हवा त्या धक्क्याने सुटते. मग नळ बंद करून सगळे जोड कोरड्या हाताने चाचपून पाहा. ओल नसेल तरच बटण चालू करा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापायला २००० वॅटच्या गीझरला अठरा-वीस मिनिटे लागतात.

या सगळ्यात बादलीभर पाणी सहज निघते. वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानांवर पडते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा वुजू एका मुद्दमध्ये होत असे, म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आसपास. तेव्हा ही बादली मोरीत ओतू नका. पहिल्या पाण्यात नव्या टाकीचा आणि जोडकामाचा कचरा असू शकतो, म्हणून ते पिण्याला किंवा स्वयंपाकाला घेऊ नका. फरशी पुसायला आणि संडासात टाकायला ते उत्तम.

तीन दिवसांनंतरही थांबत नसेल तर

प्लंबरला फोन करण्याआधी दोन गोष्टी पाहून ठेवा. फुरफुर फक्त गरम नळाला आहे की थंड नळालाही? आणि एकाच नळाला आहे की घरातल्या सर्व नळांना? एवढे सांगितले की प्लंबरचे अर्धे काम होते आणि आपली फसवणूकही होत नाही.

*थंड आणि गरम दोन्ही नळ फुरफुरत असतील,* तर गीझरचा दोष नाही. हवा मागूनच येते आहे. गच्चीवरची टाकी तळाला गेली असेल, तर पाण्यासोबत हवा खाली ओढली जाते. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल, तर रिकाम्या पाइपातली हवा पाणी सुटताना आधी बाहेर येते. विहिरीवर किंवा बोअरवेलवर पंप असेल, तर एप्रिल-मेमध्ये पातळी खाली जाते आणि पंप पाण्यासोबत हवा ओढतो. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूच्या पाइपाचा जोड सैल असला तरी हेच होते. तो जोड पाणी गाळत नाही, हवा आत घेतो; म्हणून ओल दिसत नाही आणि दोष लवकर सापडत नाही.

*एकाच नळाला त्रास असेल आणि धार वाकडी-तिकडी फवारत असेल,* तर नळाच्या तोंडाची जाळी पाहा. जोडकाम करताना आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. तिचे तुकडे, पाइपाचा कीस आणि क्षाराचे खडे पाण्यासोबत येऊन जाळीत बसतात. जाळी फिरवून काढा, जुन्या टूथब्रशने धुवा, क्षार चिकटला असेल तर व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा. बिनपैशांचे काम आहे.

*फक्त गरम नळ फुरफुरत असतील,* तर कारण गीझरच्या आसपास आहे. आधी थंड पाण्याचा कॉक पाहा. तो अर्धाच उघडा असला तर टाकी हवा तसे भरत नाही. मग जोडणीचा लवचिक पाइप कुठे दुमडला आहे का ते पाहा. त्यानंतर पाइपाची वाट पाहा. गीझरपासून निघालेला पाइप छताकडे चढून पुन्हा खाली आणला असेल, तर त्या उंचवट्यावर हवा साचून राहते आणि थोडी थोडी सुटत राहते. पाइप सरळ खाली घेतला की प्रश्न मिटतो.

इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा त्रास वेगळा असतो. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर साधारण एक किलो दाब मिळतो. तीन मीटर उंच असेल तर जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्या दाबाला पाइपात अडकलेली हवा ढकलता येत नाही. खालच्या मजल्यांवर सगळ्यांचे नळ एकदम सुटले की वरच्या घराचे पाणी खाली ओढले जाते आणि उघड्या नळातून हवा आत शिरते. यासाठी गच्चीवर, टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाला वर तोंड केलेला एक उभा हवेचा पाइप असावा लागतो. तो नसेल, किंवा कोणी गंमत म्हणून बुच मारले असेल, तर सोसायटीच्या सभेत हा विषय काढा. गीझर बदलून तो सुटणार नाही.

*गच्चीवरची टाकी रिकामी झाली की त्यानंतर प्रत्येक वेळी गरम नळ हवा सोडतो,* असे दिसले तर सावध व्हा. गीझरच्या थंड तोंडाशी पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो. प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतात. तो बसवलाच नसेल किंवा अडकला असेल, तर वरचे पाणी संपताच गीझरमधले पाणी उलटे खाली निघून जाते. टाकी अर्धी रिकामी होते आणि कॉइल उघडी पडते. अशा वेळी बटण चालू असेल तर गीझर जळण्याचा धोका आहे. इथे मात्र प्लंबर हवाच.

या खुणा दिसल्या तर हात आवरा

साधी हवा थंडच असते, आवाज करते आणि निघून जाते. वाफ वेगळी. नळातून फुरफुरीसोबत चटका देणारी वाफ येत असेल, गीझरमधून उकळल्यासारखा किंवा ठोकल्यासारखा आवाज येत असेल, थंड नळातूनही कढत पाणी येऊ लागले असेल, तर आतले पाणी उकळते आहे. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला आहे. गीझरच्या बटणावर विसंबू नका. मेन बोर्डातला गीझरचा एमसीबी खाली पाडा. गरम नळ उघडायला जाऊ नका, बाथरूममधून सर्वांना बाहेर काढा, काही तास गीझर निवू द्या आणि दुरुस्ती झाल्याशिवाय तो चालू करू नका.

दुसरी गोष्ट ठिबकण्याची. गीझरजवळच्या सुरक्षा व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून पाणी तापताना थेंब थेंब पाणी पडते. अनेक घरांत ‘गळती’ समजून तिथे बुच मारतात किंवा कापड कोंबतात. असे कधीही करू नका. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेले की सुमारे २०० मिलिलिटरने, म्हणजे चांगल्या ग्लासभराने वाढते. बंद टाकीतल्या त्या वाढलेल्या पाण्याला जायला वाट हवी आणि ती वाट म्हणजे हे तोंड. ते बंद केले की टाकीवर ताण येतो, आणि थर्मोस्टॅटही बिघडला असेल तर टाकी फुटू शकते. तिथे एक छोटी नळी लावून ती मोरीत सोडा. गीझर बंद असतानाही पाणी सतत वाहत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदलायला हवा.

तिसरी गोष्ट बंद घरांची, आणि ती कोकणातल्या वाचकांसाठी विशेष. रत्नागिरी-रायगडकडची आपली अनेक घरे वर्षातले काही महिने कुलपात असतात आणि ईदला किंवा लग्नाला उघडतात. गीझरच्या टाकीला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाणी दोन आठवडे किंवा जास्त न वापरता तसेच राहिले, तर त्या कांडीच्या क्रियेतून टाकीत हायड्रोजन वायू साचू शकतो. हा वायू जळणारा आहे, त्याला वास नसतो. घर उघडल्यावर गरम नळ हवा सोडू लागला, तर ती फुरफुर त्या वायूची असू शकते. म्हणून बंद घरात गेल्यावर गीझरचे बटण दाबण्याआधी खिडकी उघडा आणि गरम नळ काही मिनिटे चालू ठेवा. तेवढा वेळ जवळ काडी, सिगारेट, उदबत्ती, लोबान काही पेटवू नका. सलग धार आली की मगच वीज चालू करा. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तो साचलेल्या पाण्यातल्या जंतूंचा आणि याच कांडीचा परिणाम असतो. टाकीतले सगळे पाणी बदला आणि वास राहिला तर कांडी तपासून घ्या.

गॅसचा गीझर असेल तर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. पाण्याच्या प्रवाहाने त्याची ज्योत पेटते, त्यामुळे हवेने धार तुटली की ज्योतही विझते आणि पुन्हा पेटते, पाणी गार-गरम होते. पण त्याचा मोठा धोका धुराचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा आहे. त्याला ना रंग, ना वास. बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर लावूच नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत असावा.

वुजूच्या वेळी

फुरफुरणाऱ्या गरम नळाचा रोजचा धोका भाजण्याचा आहे. मिक्सर नळात गरम-थंड पाणी मिसळून येते, पण गरम बाजूने हवा आली की काही क्षण नुसते थंड पाणी येते आणि हवा संपताच कढत पाण्याचा झोत येतो. आपण हाताने अंदाज घेऊन तोंड धुवायला वाकलेलो असतो, आणि तेवढ्यात तो झोत येतो. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजू शकते. मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ, ती त्याहून लवकर भाजते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची जाणीव कमी झाली आहे, त्यांना तर पाय धुताना चटका कळतही नाही.

म्हणून हवा पूर्ण निघेपर्यंत दादा-दादी, नाना-नानी आणि मुलांना त्या नळाखाली वुजू किंवा आंघोळ करू देऊ नका. बादलीत आधी थंड, मग गरम पाणी घ्या, हाताने ढवळून पाहा आणि लोट्याने वुजू करू द्या. आपल्या घरांची ही जुनी रीतच आहे, आणि तिच्यात पाणीही कमी लागते. गीझरला तापमानाची चकती असेल तर ती ५० अंशांच्या आसपास ठेवली तरी आंघोळीला भरपूर होते आणि विजेचे बिलही आटोक्यात राहते. आंघोळीला जाताना बटण बंद करण्याची सवय सगळ्यांना लावा.

गीझर बसवणारा माणूस घरातून निघण्यापूर्वी त्याच्याकडून चार गोष्टी समोर करून घ्या. सर्व गरम नळांतून सलग धार येते ते दाखव, एनआरव्ही आणि सुरक्षा व्हॉल्व्ह कुठे आहेत ते दाखव, जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटवर आणि अर्थिंगसह आहे ते तपासून दाखव, आणि वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घालून दे. हे मागण्यात संकोच कसला? पैसे आपण मोजले आहेत आणि तो नळ उद्या पहाटे घरातलेच कोणी उघडणार आहे.

आज संध्याकाळी एवढे करा. घरातल्या दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला हाताला धरून मेन बोर्डाजवळ न्या आणि गीझरचा एमसीबी दाखवा. मग थंड पाण्याचा कॉक कोणता, तो कसा बंद होतो, ते प्रत्येकाकडून एकदा करून घ्या. एमसीबीखाली कागदाची पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरांत ‘गीझर’ लिहा. पाच मिनिटांचे काम आहे. वेळ आली तर घरात त्या क्षणी जो असेल, त्याच्या हाताला ते आठवेल, इन्शाअल्लाह.